अथेन्स आणि स्पार्टा: नागरिकाचा दिवस आणि राज्यकारभार यांची तुलना नेमकी कशावर करावी?

ओसरी (प्रश्न)

इ.स.पू. पाचव्या शतकातल्या अथेन्स आणि स्पार्टाचा तुलनात्मक तक्ता करायचा आहे. तयार तक्ते पुष्कळ सापडतात, पण बहुतेकांत एका बाजूला 'लोकशाही, कला, व्यापार' आणि दुसऱ्या बाजूला 'लष्करी राज्य, शिस्त, साधेपणा' एवढंच असतं. त्यातून कारभार रोज कसा चालायचा हे काही कळत नाही.

मला अडलेले मुद्दे असे:

अथेन्समध्ये चिठ्ठ्या टाकून माणसं नेमत असत, मग नालायक माणूस नेमला गेला तर काय करत? सभेला कोण येई, त्यांना पैसे मिळत का? स्पार्टात दोन राजे आणि पाच इफोर (दरवर्षी निवडले जाणारे अधिकारी) होते, तर शेवटचा शब्द कुणाचा? सार्वजनिक भोजनमंडळात जेवण फुकट होतं की वर्गणी होती? आणि स्त्रिया, गुलाम, परके रहिवासी यांना तक्त्यात कुठे बसवायचं?

मापं, रकमा, माणसांची संख्या जितकी नेमकी सांगता येईल तितकी सांगा.

---

खापर

तक्त्याचा पहिला रकाना 'शासनप्रकार' ठेवलात तर गाडी तिथेच अडेल. स्पार्टात राजे होते, वृद्धमंडळ होतं, दरवर्षी निवडून येणारे अधिकारी होते, नागरिकांची सभाही होती. त्याला नाव काय द्यायचं यावर खुद्द ग्रीकांतच एकमत नव्हतं. मी पहिला रकाना 'नागरिकाला वेळ कोण मिळवून देतं' असा करीन. सभेला, न्यायालयात, कवायतीला, युद्धाला जायचं तर माणूस शेतातून मोकळा हवा. स्पार्टाने तो हेलॉटांच्या, म्हणजे जमिनीला बांधलेल्या गुलामांच्या, श्रमावर मोकळा केला, अथेन्सने मुख्यतः रोख भत्ता देऊन. बाकी बरेच फरक या एका गोष्टीतून निघतात. स्पार्टाबद्दल इथले दुसरे सदस्य लिहितीलच, मी अथेन्सचं सांगतो.

पाया अथेन्सचा सुधारक क्लाइस्थेनीस याने इ.स.पू. ५०८-५०७ मध्ये घातला. अटिका प्रांतातल्या १३९ वस्त्या, म्हणजे 'डीम', त्याने ३० गटांत विभागल्या: १० शहराकडचे, १० किनाऱ्याचे, १० आतल्या भागातले. प्रत्येक प्रकारातला एकेक गट घेऊन एक टोळी, अशा १० टोळ्या. त्यामुळे एकाच टोळीत डोंगरातला कोळसा पाडणारा, बंदरावरचा नावाडी आणि शहरातला कुंभार एकत्र आले आणि जुन्या घराण्यांची आपापल्या भागावरची पकड ढिली झाली. माझ्या मते सगळ्या अथेन्सच्या इतिहासात याइतकी विचारपूर्वक केलेली दुसरी मांडणी नाही.

प्रत्येक टोळीतून ५० असे ५०० जण चिठ्ठीने 'बूले' या मंडळात येत. वय किमान ३०, मुदत एक वर्ष, आयुष्यात जास्तीत जास्त दोनदा. वर्षाचे दहा भाग करून प्रत्येक टोळीचे ५० जण साधारण ३५-३६ दिवस कार्यकारी समिती म्हणून बसत. त्यातला एक जण रोज चिठ्ठीने अध्यक्ष होई, फक्त एका रात्रंदिवसासाठी. खजिन्याच्या आणि दप्तराच्या देवळांच्या किल्ल्या आणि राज्याचा शिक्का तेवढा वेळ त्याच्याकडे. तोच माणूस पुन्हा कधी अध्यक्ष होऊ शकत नसे. आता हिशेब करा: चांद्रवर्षाचे ३५४ दिवस, सदस्य ५००. म्हणजे मंडळात आलेल्या दर दहा माणसांमागे सात जण एक दिवसासाठी राज्याच्या किल्ल्या कमरेला लावून हिंडले.

नालायक माणसाचं काय, तर त्यासाठी आधी आणि नंतर अशी दोन्हीकडे चाळणी होती. पद हाती येण्याआधी 'डोकिमासिया'. वरिष्ठ अधिकाऱ्यांना विचारत: वडील कोण, कुठल्या डीमचे, आईचे वडील कोण, घरचे देव कुठे, पूर्वजांची थडगी कुठे, आईवडिलांना नीट वागवतोस का, कर भरतोस का, मोहिमांना गेलास का. मग हजर लोकांपैकी कुणीही आक्षेप घेऊ शके. या प्रश्नांत कौशल्याची परीक्षा कुठेच नाही हे ध्यानात घ्या, तपासायचा तो नागरिकपणा. मुदत संपल्यावर 'युथिनाय', म्हणजे पैशांचा आणि वागणुकीचा हिशेब. तो पुरा होईपर्यंत सुटका नाही. शिवाय बहुतेक कामं दहा-दहा जणांच्या समित्यांकडे असत, एकट्याच्या हाती फार काही लागतच नसे.

जिथे कौशल्याशिवाय भागत नाही तिथे मात्र त्यांनी चिठ्ठी वापरली नाही. दहा सेनापती हात वर करून निवडले जात आणि कितीही वेळा निवडून येऊ शकत. पेरिक्लीसची सत्ता याच पदावर उभी होती.

सभा प्निक्स टेकडीवर भरे. नागरिकत्व देणं, एखाद्याला हद्दपार करायचं की नाही असल्या प्रश्नांना ६,००० मतं लागत. सभेत भाषणाचा हक्क सगळ्यांना, पण बेकायदा ठराव मांडला म्हणून मांडणाऱ्यावर नंतर खटला भरता येई आणि जबर दंड होई. ही जोखीम तक्त्यात जरूर लिहा, कारण 'कुणीही उठावं आणि काहीही मंजूर करून घ्यावं' हा समज फार पसरलेला आहे.

सभेची चूक होत नसे असं नाही. इ.स.पू. ४२७ मध्ये मिटिलिनी या बंड केलेल्या मित्रशहराच्या सगळ्या प्रौढ पुरुषांना ठार करायचा ठराव झाला आणि जहाज रवाना झालं. दुसऱ्या दिवशी फेरविचार झाला, निर्णय थोड्या मतांनी फिरला आणि दुसरं जहाज मागोमाग धाडलं. वल्हवणाऱ्यांनी वल्ही मारता मारताच दारू आणि तेलात कालवलेलं जवाचं पीठ खाल्लं, पाळीपाळीने झोप घेतली, आणि ते वेळेवर पोचले. इ.स.पू. ४०६ मध्ये मात्र तशी संधी मिळाली नाही. आर्गिन्युसाईची लढाई जिंकूनही बुडणाऱ्या खलाशांना वाचवलं नाही म्हणून सेनापतींवर एकगठ्ठा खटला चालवला आणि अथेन्सला परतलेल्या सहा जणांना मारलं. लोकांना पुढे पस्तावा झाला, पण माणसं गेली ती गेली.

---

मापटं

खापर यांचा 'वेळ कोण मिळवून देतं' हा धागा पकडून स्पार्टाचं मांडतो. इथे हिशेब जवाच्या पिठापासून सुरू होतो.

भोजनमंडळ, म्हणजे सिसिटिया, फुकट नव्हतं. एका मंडळात साधारण १५ जण. प्रत्येकाने दरमहा काय द्यायचं ते प्लुटार्क हा बऱ्याच नंतरचा ग्रीक चरित्रकार सांगतो: १ मेदिम्नॉस जवाचं पीठ, ८ खोएस द्राक्षदारू, ५ मिना (इथे मिना हे वजन) चीज, अडीच मिना अंजीर, आणि तोंडी लावण्यासाठी थोडे पैसे. अथेन्सच्या मापाने मेदिम्नॉस म्हणजे सुमारे ५२ लिटर आणि खूस (खोएसचं एकवचन) सव्वातीन लिटरच्या आसपास, म्हणजे दारू झाली महिन्याला २६ लिटर. पण इथे एक घोळ होतो. दुसऱ्या एका प्राचीन उल्लेखात पिठाचा आकडा अथेन्सच्या मापाने दीड मेदिम्नॉस दिला आहे. स्पार्टाचं माप मोठं होतं असं धरलं की दोन्ही आकडे जवळ येतात. तक्त्यात आकडा लिहिताना कुठलं माप तेही लिहा, नाहीतर दोन पुस्तकांत दोन आकडे बघून वाचक गोंधळेल.

एवढं पीठ एक माणूस खात नाही. रोजचा माणशी शिधा १ खोइनिक्स धरत आणि ४८ खोइनिक्सचा एक मेदिम्नॉस होई. म्हणजे लहान माप धरलं तरी वर्गणी रोज दीड माणसाच्या शिध्याहून जास्त. राजांना जेवणात दुप्पट वाटा मिळे, तो त्यांनी एकट्याने खावा म्हणून नव्हे, ज्याचा मान करायचा त्याला देता यावा म्हणून.

ही वर्गणी दिली नाही तर नागरिकत्व जाई. सगळं राज्य या कलमावर तोललेलं होतं. वर्गणी सगळ्यांना सारखी आणि जमीन मात्र कालांतराने सारखी राहिली नाही. वाटण्या होत गेल्या, हुंड्यांत आणि वारसांत जमिनी थोड्या घराण्यांकडे गोळा झाल्या, आणि ज्याचा तुकडा पुरेना तो मंडळातून बाहेर पडला. अशांना 'हिपोमेयोनेस', म्हणजे खालच्या दर्जाचे, म्हणत. परत येण्याची वाट जवळजवळ नव्हतीच. परिणाम आकड्यांतच बघा: इ.स.पू. ४८० च्या सुमाराला इतिहासकार हेरोडोटस ८,००० स्पार्टन पुरुष सांगतो, पुढच्या वर्षी प्लाटेआच्या रणात ५,००० उतरले. इ.स.पू. ३७१ मध्ये ल्यूक्ट्राच्या लढाईत ७०० होते, त्यातले ४०० पडले. ॲरिस्टॉटल लिहितो तेव्हा संख्या हजारच्याही खाली आलेली होती. इ.स.पू. ४६४ च्या सुमाराचा भूकंप आणि त्यानंतरचं हेलॉटांचं बंड यांनीही मोठा घाव घातला, पण भूकंपाने मेलेल्यांची जागा दोन पिढ्यांत भरून निघायला हवी होती. ती निघाली नाही याचं कारण वर्गणी आणि जमीन.

मंडळात शिरण्याची पद्धतही बघण्यासारखी आहे. नवा उमेदवार आला की वाढपी डोक्यावर भांडं घेऊन फिरे आणि प्रत्येक सदस्य भाकरीच्या मऊ भागाची गोळी त्यात टाकी. नापसंती असेल तर गोळी बोटांनी दाबून चपटी करायची. एक जरी चपटी निघाली तरी उमेदवार बाद. रोज रात्री ज्यांच्या शेजारी बसून जेवायचं आणि युद्धात ज्यांच्या खांद्याला खांदा लावायचा, त्यांपैकी एकालाही तो नको असेल तर नको, असा विचार.

आता शेवटचा शब्द कुणाचा. राजे दोन, अगियाड आणि युरिपॉन्टिड या दोन घराण्यांतले. रणांगणावर आणि धर्मविधीत त्यांचा मान मोठा, शहरात अधिकार बेताचा. गेरूसियात २८ वृद्ध आणि दोन राजे असे ३० जण, वय ६० च्या वर, तहहयात. देहदंडाचे खटले त्यांच्यापुढे चालत आणि सभेपुढे काय न्यायचं ते तेच ठरवत. इफोर पाच, एका वर्षासाठी. दर महिन्याला राजे शपथ घेत की आम्ही कायद्याप्रमाणे राज्य करू, आणि इफोर नगरातर्फे शपथ घेत की राजे शपथेला जागले तर त्यांची सत्ता अबाधित ठेवू. राजा मोहिमेवर निघाला की दोन इफोर सोबत जात. ते आज्ञा देत नसत, नुसतं बघत. रोजच्या कारभारात इफोर वरचढ, पण त्यांची सत्ता वर्षभराची. टिकाऊ वजन गेरूसियाचं.

सभेचं मत आरडाओरड्यावर मोजत. गेरूसियाच्या निवडणुकीत तर काही जणांना जवळच्या घरात कोंडून ठेवत. उमेदवार चिठ्ठीने ठरलेल्या क्रमाने सभेपुढून मुकाट्याने चालत जात, आत बसलेल्यांना कोण चाललंय ते दिसत नसे, फक्त आवाज ऐकू येई. ज्याच्यासाठी सर्वात मोठा गजर झाला तो निवडून आला. ॲरिस्टॉटलने या पद्धतीला पोरकट म्हटलं आहे. इ.स.पू. ४३२ मध्ये अथेन्सशी युद्धाचा प्रश्न आला तेव्हा इफोर स्थेनेलाइडास म्हणाला, कुठला आवाज मोठा ते कळत नाही, आणि लोकांना दोन बाजूंना उभं केलं. त्या काळचा इतिहासकार थ्युसिडिडीस याच्या मते लोकांनी उघडपणे बाजू घ्यावी आणि युद्धाची खुमखुमी वाढावी, हाच त्यामागचा हेतू होता. गर्दीत ओरडणं वेगळं आणि सगळ्यांदेखत 'युद्ध नको' म्हणणाऱ्यांच्या ओळीत जाऊन उभं राहणं वेगळं.

---

शिलालेख

वरच्या दोन्ही प्रतिसादांना माझी पुरवणी काळाबद्दल आहे. असे तक्ते बहुधा इथेच फसतात.

अथेन्सच्या कारभाराचं सर्वात तपशीलवार वर्णन इ.स.पू. चौथ्या शतकाच्या उत्तरार्धातलं आहे. ते उचलून पेरिक्लीसच्या काळाला चिकटवतात. उदाहरणार्थ भत्ता. न्यायालयातल्या पंचांना भत्ता पेरिक्लीसने सुरू केला, तो २ ओबोल होता. त्याच्यानंतरचा पुढारी क्लिऑन याने इ.स.पू. ४२५ च्या सुमाराला ३ केला. सभेला येण्याचा भत्ता मात्र इ.स.पू. ४०३ नंतरचा, आधी १ ओबोल, लवकरच ३, आणि इ.स.पू. ३३० च्या आसपास साध्या सभेला १ द्राख्मा, मुख्य सभेला ९ ओबोल. पेरिक्लीस बोलत असताना समोर बसलेल्यांना सभेचा पैसा मिळत नव्हता.

६ ओबोलचा १ द्राख्मा, १०० द्राख्मांचा १ मिना, ६० मिनांचा १ टॅलंट. तुलनेला इ.स.पू. ४०९-४०७ चे इरेक्थिऑन मंदिराच्या बांधकामाचे कोरलेले हिशेब घ्या. तिथे दिवसाची मजुरी साधारण १ द्राख्मा, नागरिक असो, परका रहिवासी असो की गुलाम (गुलामाची अर्थात मालकाच्या हाती पडे). म्हणजे पंचाचा ३ ओबोल भत्ता कसबी माणसाच्या अर्ध्या रोजाएवढा होता. म्हाताऱ्याला पुरे, धडधाकट सुताराला तोट्याचा. पंचांत वयस्कर लोक जास्त का दिसत, ते यावरून कळतं.

पैसा यायचा कुठून? थ्युसिडिडीस युद्धाच्या सुरुवातीला मित्रराज्यांची खंडणी वर्षाला सुमारे ६०० टॅलंट सांगतो. शिवाय अटिकातल्या लाव्रियॉनच्या खाणींची चांदी. खर्चाची बाजू: एका त्रायरीम या युद्धजहाजावर २०० माणसं, त्यांत १७० वल्हवणारी. सिसिलीच्या मोहिमेवेळच्या दिवसाला १ द्राख्मा या दराने महिन्याला बरोबर ६,००० द्राख्मा, म्हणजे १ टॅलंट. ६० जहाजं म्हटली की ६० टॅलंट. त्या वेळी सिसिलीतल्या सेगेस्टा शहराने एक महिन्यासाठी नेमके एवढेच आणून दिले होते. ज्यांच्याकडे चिलखताचे पैसे नव्हते ते गरीब 'थीट' वल्ह्यावर बसत. आरमार त्यांच्यावर चालत होतं, म्हणून सभेत त्यांना डावलता येत नव्हतं.

स्पार्टाबद्दल दुसरी सावधगिरी. प्लुटार्क या काळानंतर पाचशेहून अधिक वर्षांनी लिहितोय. नवजात बाळ वडीलधाऱ्यांनी तपासून अशक्त असेल तर टायगेटस डोंगराच्या दरीजवळ टाकून देणं ही गोष्ट त्याच्याकडूनच येते. 'प्लुटार्क म्हणतो' एवढी खूण करून लिहा. नको असलेली मुलं टाकून देणं अथेन्ससकट इतर ग्रीक शहरांतही होतं, फरक फक्त निर्णय कुणी घ्यायचा यात. अथेन्सचा लेखक झेनोफन स्पार्टाला जवळून ओळखत होता, पण त्याला स्पार्टाचं कौतुकही होतं. दोघांचंही मन स्पार्टाकडे झुकलेलं आहे हे धरून वाचा. खुद्द स्पार्टन लोकांनी आपल्या राज्याचं वर्णन लिहून ठेवलेलं आपल्या हाती जवळजवळ नाहीच.

---

ओसरी

खूप उपयोग झाला, सगळ्यांचे आभार. अजून दोन गोष्टी. एक, न्यायालयात चिठ्ठी प्रत्यक्ष कशी टाकत, लबाडी कशी रोखत? दोन, स्त्रिया आणि गुलाम यांचा रकाना राहिलाच आहे.

---

खापर

न्यायालयाचं सांगतो, शिलालेख यांच्या सूचनेप्रमाणे काळ आधी: हे इ.स.पू. चौथ्या शतकातलं.

दगडाची उभी पाटी, 'क्लेरोटेरियन'. तिच्यावर उभ्या रांगांत बारीक खाचा कोरलेल्या. प्रत्येक पंचाकडे त्याच्या नावाचा आणि डीमचा एक पट्टा असे, पूर्वी ब्राँझचा, नंतर लाकडी. सकाळी आलेल्यांचे पट्टे खाचांत खोचत. पाटीच्या कडेला नळी, तीत वरून काळे आणि पांढरे गोळे ओतत. खालून एक गोळा सोडायचा: पांढरा पडला तर आडव्या ओळीतले सगळे जण आत, काळा पडला तर सगळे घरी. मग निवडलेल्याने एक अक्षर लिहिलेलं ओक झाडाचं फळ उचलायचं, ते अक्षर म्हणजे न्यायालय. त्याला त्या न्यायालयाच्या चौकटीच्या रंगाची काठी मिळे, म्हणजे भलत्याच दारातून शिरायला नको. कुठला खटला आपल्यापुढे येणार हे पहाटे कुणालाच ठाऊक नसे, त्यामुळे लाच द्यायची तर कुणाला? त्यात खाजगी खटल्याला २०१ किंवा ४०१ पंच, सार्वजनिक खटल्याला बहुधा ५०१.

मतासाठी प्रत्येकाला दोन ब्राँझच्या चकत्या. मधून आस गेलेली, एकीची भरीव, दुसरीची पोकळ. भरीव म्हणजे आरोपीच्या बाजूने, पोकळ म्हणजे फिर्यादीच्या. आसाची दोन्ही टोकं अंगठा आणि बोटात धरली की कुठली टाकली ते शेजाऱ्यालाही दिसत नसे. खरं मत ब्राँझच्या घड्यात, उरलेली चकती लाकडी घड्यात.

वेळ पाण्यावर मोजत. अगोरात, म्हणजे अथेन्सच्या बाजारचौकात, सापडलेल्या जलघटिकेवर 'दोन खोएस' अशी खूण आहे. ती सुमारे ६.४ लिटरची आणि साधारण सहा मिनिटांत रिकामी होते. ५,००० द्राख्मांच्या वरच्या दाव्याला पहिल्या भाषणासाठी १० खोएस पाणी होतं, म्हणजे अर्धा तास. अशा खाजगी दाव्यांत कायदा किंवा साक्ष वाचून दाखवताना पाणी थांबवत.

एक खुलासा: वर मी सभेबद्दल लिहिताना जी हद्दपारी म्हटली ती, म्हणजे ऑस्ट्रॅसिझम, हा खटला नव्हे. आरोप नाही, बचाव नाही. खापराच्या तुकड्यावर नाव कोरायचं, ज्याचं नाव सर्वात जास्त तो दहा वर्षं बाहेर, पण मालमत्ता त्याचीच राहते. अक्रोपोलिसच्या उत्तर उतारावर एका विहिरीत थेमिस्टोक्लीस या पुढाऱ्याच्या नावाचे १९० तुकडे सापडले आणि ते मोजक्या चौदा हातांनी लिहिलेले आहेत. म्हणजे कुणीतरी आधीच लिहून वाटायला ठेवले होते. संघटित प्रचार तेव्हाही होता.

---

मापटं

स्त्रियांच्या बाबतीत तक्ता उलटा पडतो. अथेन्सच्या नागरिक स्त्रीला कायद्याने कायम पालक लागे, आधी बाप, मग नवरा किंवा मुलगा. एक मेदिम्नॉस जवाच्या किमतीवरचा व्यवहार तिला स्वतःच्या नावावर करता येत नसे. इ.स.पू. ४५१-४५० नंतर मात्र आईही अथेन्सची असल्याशिवाय मुलगा नागरिक होईना, म्हणजे हक्क नाहीत पण तिच्या कुळावर मुलाचे हक्क अवलंबून. स्पार्टात स्त्रिया जमिनीच्या मालक होत्या. ॲरिस्टॉटलच्या म्हणण्याप्रमाणे पुढे देशाच्या पाचातले दोन भाग त्यांच्याकडे होते. मुली धावत, कुस्ती खेळत, कपडे विणणं दासींचं काम मानत. राजा अगेसिलाऑसची बहीण किनिस्का हिच्या घोड्यांनी इ.स.पू. ३९६ आणि ३९२ मध्ये ऑलिम्पियात रथशर्यत जिंकली. मत देण्याचा हक्क दोन्हीकडे नाही.

गुलामीचे प्रकार वेगळे आहेत, त्यांना एका शब्दात कोंबू नका. अथेन्समध्ये गुलाम विकत घेतलेला, बहुधा परदेशी, एकेका मालकाचा. अथेन्सचा सेनापती निकियास लाव्रियॉनच्या खाणीत १,००० गुलाम भाड्याने देत असे, दर माणशी रोज १ ओबोल, असं झेनोफन सांगतो. म्हणजे मालकाला दिवसाला १,००० ओबोल, जवळपास १६७ द्राख्मा. त्या खाणींत माणसं कशी राबली आणि मेली हे 'लोकशाही'च्या रकान्याशेजारीच लिहिलं पाहिजे. परके रहिवासी, मेटिक, स्वतंत्र होते. पुरुष वर्षाला १२ द्राख्मा कर भरत, सैन्यात जात, पण जमीन घेऊ शकत नसत.

हेलॉट हे त्याच मातीतले, पिढ्यान् पिढ्या तिथेच कुटुंब करून राहणारे, जमिनीला बांधलेले. मेसेनियातले लोक अर्धं पीक मालकाला देत असं जुना कवी टिर्टियस सांगतो. इफोर दरवर्षी सत्तेवर येताच हेलॉटांवर रीतसर युद्ध जाहीर करत, म्हणजे त्यांना मारलं तर पाप लागत नाही. पेरिऑइकॉय हा तिसरा गट, आपापल्या गावांत स्वतंत्र, व्यापार-कारागिरी त्यांच्याकडे, युद्धाला बरोबर येणारे, पण स्पार्टाच्या सभेत त्यांना जागा नाही.

पूर्ण नागरिक आणि बाकीचे यांचं प्रमाण डोळ्यांना कसं दिसे, ते झेनोफनने एका प्रसंगात नोंदवलं आहे. इ.स.पू. ३९८ च्या सुमाराला किनाडॉन नावाच्या माणसाने बंडाचा कट केला. तो पूर्ण नागरिक नव्हता. ज्याला फितवायचं त्याला त्याने बाजाराच्या कडेला उभं केलं आणि म्हणाला, यातले स्पार्टन मोज. राजा, इफोर, वृद्ध आणि इतर मिळून चाळीसेक भरले. बाकीचे चार हजारांहून जास्त होते. किनाडॉन म्हणाला, ते चाळीस तुझे शत्रू, उरलेले सगळे आपले सोबती.

---

गलबत

थोडक्यात, दोन शहरांवर थांबू नका, निदान एक तळटीप थीब्जची टाका. इ.स.पू. चौथ्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत थीब्जभोवतीच्या बिओशिया प्रांतातल्या शहरांच्या संघात ११ विभाग होते. प्रत्येक विभाग ६० सभासद, १,००० पायदळ आणि १०० घोडेस्वार देई, एकूण ६६० सभासद. त्यातले चार विभाग थीब्जच्या हाती होते. मतदार होण्यासाठी मालमत्तेची अट होती. थीब्जमध्येच एक कायदा होता की ज्याने गेल्या दहा वर्षांत बाजारात विक्रीचा धंदा केला त्याला पद नाही. अथेन्सचा चामडेवाला क्लिऑन थीब्जला जन्मला असता तर पदाच्या उंबऱ्यावरच अडला असता.

---

मापटं

ओसरी, भोजनमंडळाच्या रकान्यात एक आकडा अजून घाला, तो थ्युसिडिडीसचा, त्या काळातलाच. इ.स.पू. ४२५ मध्ये स्पार्टाचे लोक स्फाक्टेरिया बेटावर अडकले असताना तह झाला आणि त्यांना रोजचा शिधा पाठवायला अथेन्सने परवानगी दिली. ठरलं ते असं: प्रत्येक सैनिकाला मळलेलं जवाचं पीठ २ खोइनिक्स, २ कोटिले दारू आणि मांस. त्यांच्या नोकरांना सगळं याच्या निम्मं. हा शिधा अथेन्सच्या मापाने, त्यांच्या देखरेखीखाली जाई.